सगळ्या रोबॉट पोरांचा बाप

निळं हेल्मेट, निळे बूट आणि मनगटाच्या जागी तोफ. ‘मेगामॅन’ तुम्ही कदाचित एम्युलेटरवर खेळला असाल, किंवा ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये इतरांच्या गर्दीत त्याला नुसतं पाहिलं असेल. डिसेंबर १९८७मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीने तो पहिल्यांदा आणला. तिकडे त्याचं नाव ‘रॉकमॅन’. आता गेमप्ले, बॉस, लेव्हल वगैरे बाजूला ठेवा आणि नुसती गोष्ट बघा. डॉक्टर लाइट नावाचा एक भला म्हातारा शास्त्रज्ञ. त्याने घरकामात मदतीला बनवलेला लहान मुलासारखा रोबॉट. त्याला एक रोबॉट बहीणसुद्धा आहे. दुसरा एक शास्त्रज्ञ जळफळाटाने बाकीच्या रोबॉटना आपल्या बाजूला वळवतो आणि हा पोरगा, ज्याला मारामारीची काडीची हौस नाही, तो लढायला उभा राहतो.

ही गोष्ट कुठल्याही जपानी आजोबांना सांगून बघा. त्यांच्या डोळ्यांसमोर मेगामॅन येणारच नाही. काळी चड्डी, लाल बूट आणि डोक्यावर केसांची दोन टोकं असलेला दुसराच पोरगा येईल. त्याचं नाव आतोमु, म्हणजे ॲटम. आपल्याकडे आणि बाकी जगात ‘ॲस्ट्रो बॉय’. मोठ्या मनाचा शास्त्रज्ञ, घरात वाढणारा रोबॉट मुलगा, रोबॉट बहीण, नको असताना अंगावर आलेली लढाई, हे सगळं मेगामॅनच्या पस्तीस वर्षं आधी कागदावर उतरलेलं होतं. ते उतरवणारा माणूस डॉक्टर होता. खरोखरचा, डिग्रीवाला, लायसन्सवाला डॉक्टर. ओसामू तेझुका.

जपानमध्ये त्याला मांगाचा देव म्हणतात. असं बिरूद चिकटलं की माणूस कंटाळवाणा वाटायला लागतो, हे मान्य. पण हा माणूस कंटाळवाणा अजिबात नव्हता. तो वेळ न पाळणारा, मत्सरी, हट्टी, प्रचंड कष्टाळू आणि बऱ्याच बाबतीत चुकलेलाही होता. म्हणून तर त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

जन्म ३ नोव्हेंबर १९२८चा, ओसाकाजवळच्या तोयोनाका गावातला. पाचेक वर्षांचा असताना घर हललं ते ताकाराझुकाला. हे गाव ‘ताकाराझुका रिव्ह्यू’ नावाच्या संगीत नाटक कंपनीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात, नायकाचीसुद्धा. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळात उलटं होतं, तेवढाच फरक. आई त्याला हे खेळ बघायला घेऊन जायची. वडिलांना सिनेमाचा नाद, घरात छोटा प्रोजेक्टर होता आणि त्यावर चॅप्लिन आणि डिस्नेच्या फिल्म लागायच्या. १९३०च्या दशकात घरात प्रोजेक्टर! थोडक्यात, घर खाऊनपिऊन सुखी होतं आणि पोराच्या डोक्यात चित्रं लवकर घुसली.

शाळेत मात्र हाल. हा बुटका, चष्मिस, कुरळ्या केसांचा, खेळात शून्य. पोरं छळायची. त्यावर त्याला सापडलेला उपाय म्हणजे चित्रं. वहीत काढलेली मांगा वर्गात फिरायला लागली आणि छळणारीच पोरं पुढच्या भागाची वाट बघायला लागली. दुसरा नाद किड्यांचा. तो फुलपाखरं, भुंगेरे गोळा करायचा, त्यांची चित्रं इतकी बारकाईने काढायचा की ती छापील वाटावीत. ‘ओसामुशी’ नावाचा एक भुंगेरा असतो. आपलं नाव आणि या किड्याचं नाव इतकं जवळचं आहे हे कळल्यावर पठ्ठ्याने टोपणनावात ‘किडा’ या अर्थाचं अक्षर जोडून टाकलं. ते शेवटपर्यंत राहिलं. पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला, त्याचंही नाव ‘मुशी’, म्हणजे किडा.

मग युद्ध आलं. तुमच्या-माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असताना त्याची रवानगी ओसाकातल्या एका युद्धसाहित्याच्या कारखान्यात झाली. शाळा बंद, पोरांना कामाला जुंपलेलं. हा तिथेही लपून मांगा काढायचा. जून १९४५मध्ये ओसाकावर अमेरिकी विमानांनी बॉम्बवर्षाव केला, तेव्हा तेझुकाची ड्युटी टेहळणीच्या मनोऱ्यावर होती. आजूबाजूला बॉम्ब पडले. तो वाचला. खाली उतरून योदो नदीकडे धावला तर काठावर प्रेतं, माणसांची आणि जनावरांची. पुढे अनेक वर्षांनी त्याने हा अनुभव मांगातून सांगितला. त्याच्या कुठल्याही कथेत शहर जळताना दिसलं, आणि ते बऱ्याचदा दिसतं, की ती जून महिन्यातली ओसाका आहे असं समजा.

ऑगस्टमध्ये युद्ध संपलं. ब्लॅकआउट उठला आणि ओसाकात रात्री दिवे लागलेले त्याने पाहिले. आपण जिवंत आहोत आणि आता हवी तेवढी चित्रं काढता येतील, हे त्या दिव्यांनी आपल्याला सांगितलं असं तो नंतर सांगायचा.

त्याच वर्षी तो ओसाका विद्यापीठाशी जोडलेल्या मेडिकल कॉलेजात दाखल झाला होता. कारण घरगुती आहे. युद्धाच्या काळात त्याच्या दोन्ही हातांना वाईट बुरशीचा संसर्ग झाला, हात कापावे लागतील की काय अशी वेळ आली आणि एका डॉक्टरने ते वाचवले. ज्या हातांनी चित्रं काढायची ते हात डॉक्टरने परत दिले. आपणही डॉक्टर व्हायचं असं पोराला वाटणं साहजिक होतं.

पण ॲडमिशन घेतल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १९४६मध्ये, एका बालवृत्तपत्रात त्याची ‘मा-चानची डायरी’ ही चार चौकटींची मालिका सुरू झाली. वय सतरा. पुढच्याच वर्षी ‘शिन ताकाराजिमा’, म्हणजे ‘नवा खजिन्याचा बेट’, हे पुस्तक आलं. शिचिमा साकाईसोबत केलेलं. ओसाकात तेव्हा ‘आकाहोन’ नावाची स्वस्त, भडक लाल रंगाची, हलक्या कागदावरची पुस्तकं निघत. आपल्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांचा जपानी अवतार म्हणा. त्यातलंच हे एक. त्याच्या चारेक लाख प्रती खपल्या असं सांगतात. युद्धात बेचिराख झालेल्या देशात, लोकांना खायला मिळत नव्हतं अशा काळात.

त्यात एवढं काय होतं? पहिलं पान. एक मुलगा मोटार चालवत बंदराकडे सुसाट निघालाय, बस. पण चौकटीमागून चौकट कॅमेरा सरकल्यासारखी सरकते. गाडी लांबून, गाडी जवळून, चेहरा, रस्ता. त्याआधी मांगातली पात्रं बहुतेक वेळा नाटकाच्या स्टेजवर उभी असल्यासारखी समोरून दिसायची. तेझुकाने कागदावर सिनेमा आणला. वडिलांचा प्रोजेक्टर असा वसूल झाला.

इकडे मेडिकलचे वर्ग चालूच. हा लेक्चरला बसून चित्रं काढतोय. शेवटी एका प्राध्यापकाने त्याला बोलावून समजावलं की बाबा, तू डॉक्टर झालास तर पेशंटचं काही खरं नाही, त्यापेक्षा चित्रंच काढ. इंटर्नशिपमध्ये तर तो केसपेपरवर पेशंटचे चेहरे काढून ठेवायचा. (मी सध्या इंटर्न आहे आणि वहीच्या मागच्या पानांवर काय काय असतं ते मला विचारू नका.) आईला त्याने विचारलं की दोन्हीतलं काय करू. तिने उलट त्यालाच विचारलं की तुला मनापासून काय आवडतं. त्याने मांगा असं सांगितल्यावर ती म्हणाली की मग तेच कर. १९५० सालच्या जपानमध्ये, डॉक्टर होणाऱ्या मुलाला असं सांगणारी आई. आपल्याकडे आजसुद्धा अशा किती सापडतील ते तुम्हीच मोजा.

मजा म्हणजे त्याने मेडिकल अर्धवट सोडलं नाही. १९५१ला शिक्षण पूर्ण केलं, १९५२ला राष्ट्रीय परीक्षा पास होऊन लायसन्स मिळवलं. एवढंच नाही, १९६१मध्ये, म्हणजे देशातला सगळ्यात बिझी मांगा चित्रकार असताना, त्याने नारा मेडिकल विद्यापीठातून डॉक्टरेट केली. विषय काय, तर गोड्या पाण्यातल्या गोगलगाईच्या शुक्रपेशी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. आकृत्या अर्थातच स्वतः काढलेल्या. किड्यांची चित्रं काढणारा तो शाळकरी पोरगा कुठे गेला नव्हता.

आता आतोमुकडे येऊ.

१९५१च्या एप्रिलमध्ये ‘शोनेन’ मासिकात ‘आतोमु तायशी’, म्हणजे ‘राजदूत ॲटम’ सुरू झालं. त्यात परग्रहावरून माणसं येतात, पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाची हुबेहूब जोडी. अन्न अपुरं पडायला लागतं, भांडण पेटतं. मग मध्यस्थी कोण करणार? जो यांच्यातलाही नाही आणि त्यांच्यातलाही नाही असा एक रोबॉट मुलगा. आतोमु तिथे दुय्यम पात्र होतं. पण वाचकांना तोच आवडला. संपादकांनी सुचवलं की याला माणसासारखं रडूदे-हसूदे, घर दे, शाळा दे. एप्रिल १९५२पासून ‘तेत्सुवान आतोमु’, बलदंड आतोमु, स्वतःच्या नावाने सुरू झाला आणि १९६८पर्यंत चालला.

तारखा नीट बघा. हिरोशिमाला सात वर्षं झालेली नाहीत. अमेरिकेचा लष्करी अंमल त्याच एप्रिलमध्ये संपतोय. आणि जपानी पोरांचा लाडका हिरो अणुऊर्जेवर चालतो, त्याचं नावच अणू आहे, भावाचं नाव कोबाल्ट आणि बहिणीचं उरान, म्हणजे युरेनियम. यात उपरोध किती, आशा किती आणि भाबडेपणा किती, हे आजही ठरवता येत नाही. अमेरिकी अंमलाच्या काळात तेझुकाला रस्त्यात दारू प्यायलेल्या अमेरिकी सैनिकांनी मारलं होतं. ते काय विचारतायत हे याला कळलं नाही, एवढंच निमित्त. दोन जाती एकमेकांना समजून घेत नाहीत आणि मग कोणीतरी थोबाडीत खातो, हे आतोमुच्या जवळपास प्रत्येक गोष्टीत आहे, आणि त्याचं मूळ तो त्या प्रसंगात सांगायचा.

आतोमुची जन्मकथा ठाऊक नसेल तर ऐका, कारण ती लहान मुलांच्या गोष्टीसारखी नाहीच. विज्ञान खात्याचे प्रमुख डॉक्टर तेन्मा. त्यांचा मुलगा तोबिओ मोटार अपघातात मरतो. बाप वेडापिसा होतो आणि सगळं खातं कामाला लावून मुलासारखाच रोबॉट बनवतो. काही दिवस सुखात जातात. मग लक्षात येतं की हा पोरगा वाढत नाहीये. उंची तेवढीच, चेहरा तोच. ज्या बापाने त्याला प्रेमापोटी घडवलं तोच त्याला सर्कशीला विकून टाकतो. तिथे रोबॉट एकमेकांशी लढवतात. शेवटी भल्यामोठ्या नाकाचे प्राध्यापक ओचानोमिझु त्याला सोडवून आणतात. एक लाख हॉर्सपॉवर, पायातून आग, उडता येतं, साठ भाषा येतात, सगळं ठीक. पण हा सुपरहिरो मुळात बापाने टाकलेलं पोर आहे.

या गोष्टीत रोबॉटना शाळेत हिणवतात, त्यांच्यावर वेगळे कायदे लादतात, गरज संपली की मोडीत काढतात. आतोमु दरवेळी मध्ये उभा राहतो आणि दोन्ही बाजूंचा मार खातो. लोकांना मात्र उडणारा, बुक्की मारणारा, विज्ञानाचा विजय दाखवणारा पोरगा दिसला. तेझुकाला हे आयुष्यभर खुपलं. विज्ञान बेफाम सुटलं तर काय होतं ते आपण सांगत होतो आणि लोकांनी बरोबर उलटं ऐकलं, अशी त्याची तक्रार होती. १९६५-६६मध्ये त्याने ‘निळा शूर’ ही लांब कथा लिहिली. त्यात रोबॉट बंड करतात, स्वतःचा देश मागतात आणि आतोमु माणसांच्या विरोधात जातो. काळ विद्यार्थी आंदोलनांचा, बंडखोर नायकांचा होता, तसा आग्रहही होता. आणि झालं काय? वाचक घटले. लोकांना त्यांचा गुणी बाळ आतोमुच हवा होता.

थोडं मागे जाऊ, कारण एक खोली बघायची राहिली. १९५३मध्ये तेझुका टोकियोतल्या ‘तोकिवासो’ या लाकडी चाळवजा इमारतीत राहायला गेला. लहान लहान खोल्या, सामायिक स्वयंपाकघर. वर्षभराने तो तिथून निघाला तेव्हा त्याची १४ नंबरची खोली त्याने दोन नवख्या पोरांना दिली. डिपॉझिटही परत घेतलं नाही. ही पोरं त्याचं ‘शिन ताकाराजिमा’ वाचून वेडी झालेली, दोघं मिळून ‘फुजिको फुजिओ’ या एकाच नावाने काढायची. त्यातल्या हिरोशी फुजिमोतोने पुढे एक निळं रोबॉट मांजर काढलं. होय, तेच. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून आपण टीव्हीवर हिंदीत जे बघायचो ते ‘डोरेमॉन’. म्हणजे तेझुकाचं नाव पहिल्यांदा ऐकत असाल तरी त्याच्या चाळीतला एक भाडेकरू तुमच्या घरात येऊन गेलाय.

तेझुका काम कसं करायचा हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका वेळी सात-आठ मासिकांत मालिका. झोप चारेक तास. वेगवेगळ्या मासिकांचे संपादक त्याच्या घरी ठाण मांडून बसायचे, आधी माझी पानं की त्याची यावर भांडायचे. हा मागच्या दाराने पसार. एकदा थेट क्यूशू बेटावर पळाला आणि तिथल्या शाळकरी पोरांना मदतीला घेऊन पानं पूर्ण केली. त्यातला एक म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेला लेइजी मात्सुमोतो. संपादकांनी त्याच्या नावाची मोडतोड करून ‘ओसोमुशी’ आणि ‘उसोमुशी’ अशी नावं ठेवली होती. पहिल्याचा अर्थ मंद किडा, दुसऱ्याचा थापाड्या किडा. असाइनमेंट सबमिशनच्या आदल्या रात्री हे दोन शब्द उपयोगी पडतील.

१ जानेवारी १९६३. फुजी टीव्हीवर ‘तेत्सुवान आतोमु’चा पहिला भाग लागला. दर आठवड्याला अर्ध्या तासाची ॲनिमेशन मालिका, जपानमध्ये असं आधी कोणी केलं नव्हतं, कारण ते शक्यच नाही असं सगळ्यांचं मत होतं. डिस्नेच्या पद्धतीने काढायचं तर सेकंदाला बारा ते चोवीस चित्रं लागतात. एवढी माणसं नाहीत, पैसे नाहीत. ‘मुशी प्रॉडक्शन’ने मग जुगाड केला. सेकंदाला आठ चित्रं. बोलताना फक्त ओठ हलतात, चेहरा तोच. स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवायचा. आतोमु उडतानाचा शॉट एकदा काढला की जपून ठेवायचा आणि मागचं आकाश बदलून पुन्हा वापरायचा. ॲनिमे बघताना तुम्हाला ज्या गोष्टी ‘स्टाइल’ वाटतात, थिजलेला चेहरा, सरकणारी पार्श्वभूमी, वेगाच्या रेषा, त्यातल्या बऱ्याच या टंचाईतून आल्या आहेत.

मालिका तुफान चालली. प्रेक्षकसंख्या एकदा ४० टक्क्यांवर गेली. प्रायोजक असलेल्या मेइजी कंपनीच्या चॉकलेटसोबत आतोमुचे स्टिकर मिळायचे, पोरं तुटून पडायची. त्याच वर्षी मालिका अमेरिकेत ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून गेली. १९६६च्या शेवटच्या दिवशी १९३वा भाग लागला. त्यात आतोमु पृथ्वी वाचवण्यासाठी सूर्यात झेपावतो. नव्या वर्षाच्या तोंडावर देशभरच्या पोरांना रडवून मालिका संपली.

पण या यशाची एक बाजू आहे आणि ती लपवून तेझुकाची आरती ओवाळणं बरोबर नाही. त्याने हे भाग चॅनेलला खर्चापेक्षा कमी किमतीत विकले होते. तूट मांगाच्या कमाईतून आणि खेळणी-स्टिकरच्या पैशांतून भरून काढायची, शिवाय एवढ्या कमी भावात दुसरं कोणी उतरणारच नाही, असा हिशेब. हिशेब चुकला. दुसरे उतरले. आणि चॅनेलवाल्यांना भाव कळला तो कळलाच. स्टुडिओत माणसं रात्र-रात्र बसायची, कधी तिथेच झोपायची. आज जपानच्या ॲनिमे उद्योगात पडणाऱ्या कमी पगारांची आणि अमानुष तासांची चर्चा निघाली की बोट या १९६३च्या सौद्याकडे जातं. तेझुका गेल्यावर लगेचच हायाओ मियाझाकीने यावर उघड आणि कडक लिहिलं होतं, मांगाबद्दल आदर ठेवून ॲनिमेशनबद्दल मात्र अजिबात हातचं न राखता. दुसऱ्या बाजूने असंही म्हणतात की तो सौदा झाला नसता तर टीव्ही ॲनिमे इतक्या लवकर उभंच राहिलं नसतं, आणि सगळ्या उद्योगाचं पाप एका माणसावर ढकलणं सोपं आहे. मला दोन्ही पटतं. पण जो माणूस स्वतः चार तास झोपतो त्याला इतरांनीही तेवढंच झोपावं यात वावगं वाटत नाही, हा धोका मात्र मला खरा वाटतो. तेझुका जुलमी मालक नव्हता. तो स्वतःला सगळ्यात जास्त राबवायचा. त्याने राबणाऱ्यांचं ओझं कमी होत नाही.

आणि मत्सर! हे वाचून मला तो जास्त आवडला. आपल्या पन्नास पावलं पुढे असलेल्या ज्येष्ठाला कोणाचा हेवा वाटू शकतो हे आपल्याला खरं वाटत नाही. शोतारो इशिनोमोरी हा त्याला देव मानणारा तरुण चित्रकार, तोकिवासोतलाच. त्याचं ‘जुन’ हे प्रयोगशील काम खुद्द तेझुकाच्या ‘कॉम’ मासिकात येत होतं. एका वाचकाला लिहिलेल्या पत्रात तेझुकाने हे मांगाच नाही असा शेरा मारला. ते पत्र इशिनोमोरीपर्यंत पोचलं. तो कोसळला, मालिका थांबवायला निघाला. तेव्हा तेझुका त्याच्या घरी गेला आणि माफी मागितली. आपण असं का लिहिलं ते आपल्यालाच कळत नाही, असं म्हणाला.

साठीच्या दशकाच्या शेवटी वारं फिरलं. ‘गेकिगा’ नावाची काळपट, वास्तववादी, मोठ्यांसाठीची मांगा लोकप्रिय झाली आणि तेझुकाच्या गोलगोल रेषा जुन्या वाटायला लागल्या. विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये त्याच्याऐवजी दुसऱ्यांची पुस्तकं दिसू लागली. त्याने स्वतःची रेषा बदलायचा प्रयत्न केला, प्रौढांसाठी अंधाऱ्या कथा लिहिल्या. नोव्हेंबर १९७३मध्ये मुशी प्रॉडक्शन दिवाळखोरीत गेलं. त्याआधीच तो तिथल्या प्रमुखपदावरून बाजूला झाला होता, पण फटका बसायचा तो बसलाच. वय पंचेचाळीस. सगळे मनातल्या मनात त्याला निरोप देऊन मोकळे झालेले.

त्याच नोव्हेंबरात एका साप्ताहिकाने त्याला चार-पाच आठवड्यांची छोटी मालिका दिली. खरं तर निरोपाचा मान म्हणूनच. त्याने नायक निवडला एक डॉक्टर. अर्धे केस पांढरे, चेहऱ्यावर शिवलेली जखम, अंगावर काळा झगा. लायसन्स नाही, फी आभाळाला भिडणारी आणि हात असा की कोणालाही मरणाच्या दारातून परत आणेल. ‘ब्लॅक जॅक’. ज्याच्याकडे लायसन्स होतं पण ज्याने पेशंट बघितले नाहीत, त्याने लायसन्स नसलेला सर्जन काढला! पाच आठवड्यांची मालिका दहा वर्षं येत राहिली, दोनशेहून जास्त भाग झाले. यातल्या कित्येक गोष्टी शेवटी डॉक्टर काय करू शकत नाही यावर येऊन थांबतात. तेझुका पुन्हा उभा राहिला तो त्याने बाजूला ठेवलेल्या डिग्रीच्या जोरावर, हे मला फार भारी वाटतं.

आपल्याला जवळचं वाटेल असं त्याचं काम म्हणजे ‘बुद्ध’, १९७२ ते १९८३. कपिलवस्तू, कोसल, मगध. पण सिद्धार्थ जन्मण्याआधीच गोष्ट भलतीकडे सुरू होते. चाप्रा नावाचा एक गुलाम पोरगा आहे, जो जात लपवून सेनापतीचा मुलगा बनतो. हे पात्र तेझुकाने स्वतः घातलेलं. जातीची उतरंड तो सवयीने किंवा सौम्य करून दाखवत नाही, अंगावर येईल अशी दाखवतो. मध्येच विनोद, मध्येच स्वतः लेखक चष्मा आणि बेरे टोपी घालून पानात डोकावतो. इंग्रजी भाषांतर भारतातही मिळतं. कॉलेजच्या लायब्ररीत नसेल तर मागवायला सांगा.

आतोमुचं काय झालं? तो संपलाच नाही. १९६४-६५मधल्या ‘पृथ्वीवरचा सर्वश्रेष्ठ रोबॉट’ या कथेवरून नाओकी उरासावाने ‘प्लूटो’ ही मांगा केली. नेटफ्लिक्सवर २०२३मध्ये आलेलं ‘प्लूटो’ ते हेच. मूळ कथेत आतोमुचे हॉर्सपॉवर एक लाखाचे दहा लाख होतात आणि ते वाढवून नेमकं मिळालं काय, असा प्रश्न पडतो. गेमवाल्यांसाठी ‘ॲस्ट्रो बॉय : ओमेगा फॅक्टर’ आहे, गेमबॉय ॲडव्हान्सवरचा, ट्रेझर कंपनीने बनवलेला. तेझुका आपली पात्रं नटांसारखी वापरायचा. एका कथेतला खलनायक दुसरीत हॉटेलवाला, तिसरीत मास्तर. हा गेम ती सगळी नटमंडळी एकत्र आणतो. एकदा शेवटापर्यंत पोचलात की रोबॉटांचा नाश झालेला असतो, आणि मग तुम्हाला मागे जाऊन, ज्यांना आधी समजून घेतलं नाही त्यांना भेटून, पुन्हा खेळावं लागतं. नुसत्या बुक्क्या मारून तो गेम जिंकता येत नाही. तेझुकाला हा बहुतेक आवडला असता. कथेप्रमाणे आतोमुचा जन्म ७ एप्रिल २००३चा. ती तारीख खरोखर उजाडली तेव्हा साइतामा प्रांतातल्या नीझा शहराने त्याची विशेष रहिवासी म्हणून नोंद केली. टोकियोच्या ताकादानोबाबा स्टेशनात गाडी सुटताना त्याच्या मालिकेची धून वाजते.

१९८८मध्ये तेझुकाच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जठराचा कर्करोग होता. जपानमध्ये तेव्हा पेशंटला कर्करोग झाल्याचं सांगायची पद्धत नव्हती, त्यालाही सांगितलं नाही. एका डॉक्टरपासून लपवलं! त्याला किती कळलं होतं याचा अंदाज तुम्हीच करा. तीन मालिका चालू होत्या, ‘लुडविग बी’ बीथोव्हेनवर, ‘ग्रिंगो’ आणि ‘निओ फाउस्ट’. त्याने एकही थांबवली नाही. नोव्हेंबरमध्ये शांघायच्या ॲनिमेशन महोत्सवाला जाऊन आला आणि पुन्हा हॉस्पिटलात पडला. पलंगावर बसून पानं काढत राहिला. ‘निओ फाउस्ट’ची शेवटची पानं पेन्सिलीच्या कच्च्या रेघोट्यांतच राहिली, ती तशीच छापली गेली. शेवटच्या दिवसांत नर्स पेन्सिल काढून घ्यायला लागल्या की काम करू द्या म्हणून तो विनवायचा. ९ फेब्रुवारी १९८९ला तो गेला. महिनाभर आधी सम्राट हिरोहितो गेले होते. दीडएक लाख पानं आणि सातशेच्या आसपास कथा मागे राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बातम्या वाचणारे चाहते गोंधळले. वय साठ लिहिलं होतं. त्यांच्या हिशेबाने तो बासष्ट वर्षांचा असायला हवा होता. सतराव्या वर्षी छापून येणाऱ्या पोराला कोणी गंभीरपणे घेणार नाही म्हणून त्याने जन्मसाल १९२६ सांगायला सुरुवात केली होती, आणि पुढे चाळीस-बेचाळीस वर्षं ते दुरुस्त करायला त्याला सवड झाली नव्हती.